पाच पंच आणि एक उडी

आमच्या चाळीतल्या वाचनालयाच्या कपाटात एक पुस्तक होतं. त्याची पहिली आठ पानं गेली होती आणि शेवटची किती गेली होती ते देव जाणे. त्यामुळे त्याचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. गिरगावातला मे महिना, गॅलरीत घातलेली सतरंजी, खाली बर्फाच्या गोळेवाल्याची घंटा, आणि मांडीवर ते पुस्तक. चित्रं दोनच रंगांत छापलेली, लाल आणि निळ्या. छापताना निळा रंग जरा सरकला होता, त्यामुळे समुद्राचं पाणी बोटीच्या कडेवरून थेट आत शिरलेलं दिसायचं. बोटीच्या गोल खिडकीतून एक माणूस कमरेपर्यंत बाहेर आलेला आणि त्याच्या छातीवरून निळा पट्टा गेलेला. बोट बुडत होती म्हणून सावरकरांनी उडी मारली, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

बाबांना एकदा तसं म्हणाले तेव्हा ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बोट कसली बुडतेय? पकडून आणत होते त्यांना."

पुढे तीच गोष्ट दुसऱ्या पुस्तकांत वाचली, शाळेत बाईंच्या तोंडून ऐकली, गॅदरिंगला तर पाहिलीसुद्धा. निळी साडी दोन्ही टोकांना धरून दोन मुली हलवायच्या, तो समुद्र. त्रिखंडात गाजलेली उडी. सगळीकडे गोष्ट एकाच जागी थांबायची. उडी, पोहणं, फ्रान्सची भूमी, फितुरासारखा वागलेला तो फ्रेंच पोलीस, आणि पुढच्या धड्यात एकदम अंदमान आणि कोलू. मधे जे काही घडलं असेल ते बहुधा फाटलेल्या पानांत असावं अशी मी समजूत करून घेतली होती.

ती पानं मला पस्तीस वर्षांनी सापडली, आणि तीही ऑफिसच्या वेळात.

गेली बावीस वर्षं मी भाषांतरं करते. कथा-कादंबऱ्यांची नव्हे, कागदांची. सातबारा, खरेदीखतं, वाटणीपत्रं, सोसायटीची इतिवृत्तं, कुठल्याशा सरपंचाची पत्रं. फोर्टातले वकील मला ही मराठी कागदांची बंडलं पाठवतात आणि मी ती इंग्रजीत करून, खाली शिक्का मारून परत देते. यातलं निम्मंअधिक काम कोर्टासाठी नसतं, आर्बिट्रेशनसाठी असतं. मराठीत लवाद. दोन कंपन्यांचं किंवा दोन भावांचं फाटलं, की कोर्टाची पायरी चढण्याऐवजी ते एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींपुढे बसतात. जागा म्हणजे एखादी कॉन्फरन्स रूम, भिंतीवर बंद पडलेला एसी, टेबलावर मारी बिस्किटं आणि प्रत्येकासमोर चार-चार किलोच्या फायली. २०१६ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय लवादाचं स्वतंत्र केंद्रही सुरू झालं, तेव्हापासून बिस्किटांचा दर्जा सुधारला आहे.

माझी पहिली फजिती अशाच एका खोलीत झाली. घराण्याच्या वाटणीचा वाद होता आणि एका पक्षानं पेशवाईतल्या निवाड्याची नक्कल लावली होती, मोडीतून देवनागरीत उतरवलेली. त्यात वाक्य होतं, दोघा वाद्यांनी पंचांपुढे राजीनामे लिहून दिले. मी सरळ 'रेझिग्नेशन' लिहून मोकळी झाले. न्यायमूर्तींनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "बाई, यात नोकरी कोण सोडतंय?"

राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. पंच देतील तो निवाडा आम्हांला मान्य, असं दोन्ही बाजूंनी आधीच लिहून द्यायचं. मग तकरिरी, म्हणजे दोन्ही बाजूंची म्हणणी, मग साक्षी, मग निवाडपत्र, आणि हरला त्यानं येजितखत लिहून द्यायचं की मी खोटा पडलो, आता या वाटेला जाणार नाही. एल्फिन्स्टनसाहेबानं पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पंचायतींचं सविस्तर वर्णन आहे, त्यांच्या खोड्यांसकट. आज एखाद्या पुणेरी कारखान्याचा जर्मन कंपनीशी करार होतो, त्यात तळाला एक कलम असतं की वाद झालाच तर तो अमुक गावी, तमुक नियमांनी, इतक्या लवादांपुढे सोडवायचा. ते कलम म्हणजे राजीनामाच. फरक एवढाच की १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे त्या निवाड्याची अंमलबजावणी समुद्रापलीकडेही मागता येते. गोतसभेचा, म्हणजे गावच्या पंचसभेचा, शब्द शिवेपर्यंतच चालायचा. तेव्हाच्या 'राजीनामा' या शब्दानं पुढे नोकरी सोडण्यापर्यंत प्रवास कसा केला हा वेगळा विषय आहे. मला त्या दिवशी त्याचे पैसे मिळाले नाहीत, एवढं खरं.

तर, फाटलेली पानं. एका सुनावणीत सकाळभर बंडलच्या पान क्रमांकांवरून भांडण चाललं होतं. माझ्या शेजारी बसलेली ज्युनिअर वकील मुलगी कंटाळून आंतरराष्ट्रीय कायद्याचं एक जाडजूड पुस्तक चाळत होती. सुरुवातीला खटल्यांची यादी असते ना, तिथे एस अक्षराखाली मला ते नाव दिसलं. सावरकर. पुढे कंसात फ्रान्स आणि ग्रेट ब्रिटन, आणि १९११.

मी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "अहो मॅडम, ती केस आहे." तिला उडीची गोष्ट माहीत नव्हती. ती बंगळुरात वाढलेली. जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सावरकर माहीत असतात ते असे, केसचं नाव म्हणून.

निवाडा मी त्याच रात्री वाचून काढला. अगदी लहान आहे. माझ्या हातून जाणारे निवाडे दोनशे-दोनशे पानांचे असतात आणि त्यात सिमेंटच्या गोण्यांचे भाव असतात. इथे दोन साम्राज्यांची अब्रू पणाला आणि सगळा मामला काही पानांत उरकलेला. ज्या उडीवर आम्ही निळ्या साड्या फाडल्या, तिला त्यात एकच वाक्य आहे: ८ जुलै १९१० च्या सकाळी तो बोटीवरून निसटला, पोहत किनाऱ्याला लागला आणि पळू लागला. पुढच्या वाक्यात फ्रेंच सागरी पोलिसांचा एक हवालदार त्याला पकडतो. बोटीवरून उतरलेली तीन माणसं मदतीला येतात आणि त्याला परत 'मोरिया' बोटीवर नेलं जातं. ९ तारखेला बोट मार्सेलिसहून सुटते. बस्स. एक विशेषण नाही. गोष्टीत असं सांगतात की त्या पोलिसाला इंग्रजी येत नव्हतं आणि सावरकरांचं फ्रेंच तोकडं पडलं. ते वाचताना मला दरवेळी माझ्या धंद्याची आठवण येते. धक्क्यावर एक दुभाषा हवा होता.

मग बोंब झाली ती फ्रान्समध्ये. आमच्या भूमीवर आश्रयाला आलेल्या माणसाला तुम्ही परत कसं नेलंत, म्हणून. ज्याँ जोरेससारख्या समाजवादी पुढाऱ्यानं आवाज उठवला. प्रत्यक्ष कार्ल मार्क्सचा नातू ज्याँ लाँग्वे या प्रकरणात उतरला. पॅरिसमध्ये मादाम कामा धावपळ करत होत्या. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मी आठवड्यातून तीनदा मंत्रालयाकडे जाते, बहुतेक वेळा टॅक्सीत हॉर्न ऐकत. अखेर दोन्ही सरकारांनी २५ ऑक्टोबर १९१०ला आपसात करार केला आणि प्रकरण हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयाकडे सोपवलं. या न्यायालयाचं नाव मोठं फसवं आहे. १८९९ च्या शांतता परिषदेत ते स्थापन झालं, पण कायमस्वरूपी तिथे असते ती लवादांची यादी. न्यायाधीश कायम बसलेले नसतात, प्रत्येक भांडणापुरते निवडले जातात. अमेरिकन उद्योगपती कार्नेगीच्या पैशानं उभा राहिलेला शांतता महालही तेव्हा पुरा व्हायचा होता, तो उघडला १९१३ साली.

पंच होते बरोबर पाच. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, त्यांतली दोन मुखं तर शांततेचं नोबेल मिळालेली. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, फ्रान्सचे कायदेपंडित लुई रनो, शिवाय एक नॉर्वेचा, एक हॉलंडचा आणि एक ब्रिटनचा. दोन्ही पक्षांचा एकेक माणूस पंचांत, हे कराराला धरूनच होतं. हिंदुस्थानचा माणूस पंचांत नव्हता, वकिलांत नव्हता, पक्षकारांतही नव्हता. फ्रान्सचं म्हणणं आमच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला, ब्रिटनचं म्हणणं आपल्या दोघांच्या पोलिसांचं आधीच ठरलं होतं. आणि ते खरंही होतं. बोट मार्सेलिसला लागणार, तीवर असा असा कैदी आहे, हे लंडनच्या पोलिसांनी पॅरिसला आगाऊ कळवलं होतं. कज्जा दोघांचा, आणि ज्याच्यावरून कज्जा तो तिसराच, दाराबाहेर उभा.

दाराबाहेर तरी कुठे? तो होता इथे, मुंबईत. हे मला सगळ्यात उशिरा लक्षात आलं. हेगमध्ये पंच बसायच्या आधीच फोर्टातल्या आपल्या हायकोर्टात खास न्यायाधिकरणापुढे खटला चालून संपला होता. मला फ्रान्सच्या भूमीवर पकडलं, तुम्हांला हा खटला चालवायचा अधिकार नाही, असं आरोपीचं म्हणणं होतं. ते चाललं नाही. डिसेंबर १९१० मध्ये एक जन्मठेप, जानेवारी १९११ मध्ये दुसरी, मिळून पन्नास वर्षं. हेगचा निवाडा आला २४ फेब्रुवारी १९११ला. म्हणजे शिक्षा आधी, आणि माणूस मुळात इथे असायला हवा होता का याचा विचार नंतर. ओव्हलच्या बाजूनं हायकोर्टाची ती काळसर दगडी इमारत दिसते, तिच्या शेजारून मी वर्षानुवर्षं सँडविच खात गेले आहे.

निवाड्यातलं शेवटचं वाक्य लांबलचक आहे. त्याचा मतितार्थ असा: सावरकरांना पकडून ब्रिटिश पोलिसांच्या हवाली करण्यात 'इरेग्युलॅरिटी' झाली हे मान्य. पण परक्या देशाच्या हस्तकानं चुकून हवाली केलेला कैदी केवळ त्या चुकीपायी परत केलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कुठलाही नियम नाही. सबब, ब्रिटननं त्यांना फ्रान्सच्या स्वाधीन करायची गरज नाही.

'इरेग्युलॅरिटी'पाशी मी अडले. कुणी सांगितलं नव्हतं, पैसेही मिळणार नव्हते, पण मला तो निवाडा मराठीत करून बघायचा होता. सरकारी शब्द आहे अनियमितता. पण तो शब्द आता सहकारी बँकांच्या ऑडिटमधून इतका वापरून झालाय की वाचणाऱ्याला वाटेल सावरकरांनी कर्ज थकवलं. गैररीत म्हणावं तर जरा पुस्तकी. गफलत म्हणावं तर त्यात निरागसपणा येतो, जणू कुणाची छत्री बदलली. चूक म्हणावं तर निवाड्यात पुढे चुकीसाठी वेगळा शब्द येतोच. मी शेवटी पेन्सिलीनं 'अनियमितता' लिहून तिच्याखाली रेघ मारून ठेवली. ती रेघ अजून तशीच आहे.

मुलांच्या पुस्तकांत हे सगळं का नसतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हरलेला निवाडा मुलांना कशाला सांगायचा, असा कुणाचा मुद्दा असेल तर तो मला पटत नाही. आपणच चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात पुरंदरचा तह शिकलो. १६६५, तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा उरले. आठ-नऊ वर्षांच्या पोराला आपण ती वजाबाकी बिनदिक्कत सांगतो आणि ते पोर ती पचवतं. पण त्याला पुढे आग्रा असतं, पेटारे असतात, सिंहगड असतो. हार ही पायरी असेल तर चालते. हेगच्या निवाड्यापुढे पायरी नव्हती. कुणी पेटाऱ्यात बसलं नाही. पाच म्हाताऱ्यांनी नियम शोधला, तो सापडला नाही, आणि ते जेवायला गेले.

बरं, जिंकलेले निवाडे तरी मुलांना कुठे सांगितले? कच्छच्या रणाचं घ्या. १९६५ च्या एप्रिलमध्ये तिथे भारत आणि पाकिस्तानच्या चकमकी झाल्या, ३० जूनला करार झाला आणि सीमा लवादाकडे गेली. तिघांचं मंडळ होतं. अध्यक्ष स्वीडनचे लागरग्रेन, भारतानं नेमलेले युगोस्लाव्हियाचे बेब्लर, पाकिस्ताननं नेमलेले इराणचे एन्तेझाम. निवाडा आला १९ फेब्रुवारी १९६८ला. पाकिस्ताननं मागितलेल्या सुमारे ३,५०० चौरस मैलांपैकी साधारण ३५० त्यांना मिळाले, बाकीचा नऊ-दशांश मुलूख आपला ठरला. एवढं होऊनही संसदेत वादळ झालं, सत्याग्रह झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आणि मुलांसाठी? एक ओळ नाही. नकाशे, जुन्या सनदा आणि गुराख्यांनी कुठवर गुरं चारली याचे पुरावे ढिगांनी तपासून जिंकलेली जमीन ही गोष्ट होऊ शकत नाही, असं आपण ठरवून टाकलंय. तिच्यात कुणी उडी मारत नाही ना. (बेळगावचं नाव मी मुद्दाम काढत नाही. काढलं तर हा लेख तिथेच बसेल.)

मराठी मुलांसाठी वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक काढलं ते १९०६ साली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सावरकर मुंबईहून लंडनच्या बोटीत बसले. तेव्हा राष्ट्र नावाची वस्तू अजून हातात यायची होती. ती मुलांच्या मनात आधी उभी करायची, मग बाहेर, असा तो काळ. त्या काळातल्या माणसांनी उडी उचलली आणि निवाडा खाली ठेवला, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पुढे बालभारती आली १९६७ला, 'किशोर' आलं १९७१ला, पुस्तकाच्या पहिल्याच पानावर प्रतिज्ञा आली. सारे भारतीय माझे बांधव आहेत, हे आम्ही उन्हात उभं राहून ओरडून म्हटलं. आपल्याला न विचारता आपल्याविषयी दोन परके एका खोलीत बसून ठरवतात आणि ते रीतसर असतं, हे मात्र आम्हांला कुणी सांगितलं नाही. ते मला माझ्या धंद्यानं सांगितलं, चाळिशी उलटल्यावर.

माझ्या भाचीची मुलगी नऊ वर्षांची आहे. दादरला, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. इंग्रजी शाळा, त्यामुळे मराठी वाचते ती ठेचकाळत. मोठा शब्द आला की पुस्तक माझ्याकडे सरकवते. गेल्या सुट्टीत तिच्यासाठी आणलेल्या चरित्रमालेत ही गोष्ट निघाली. चित्रं आता गुळगुळीत कागदावर, चार रंगांत, निळा रंग आपल्या जागी. मी वाचत गेले. उडी झाली, पोहणं झालं, पोलिसानं पकडलं. पुढच्या पानावर अंदमान.

"मावशीआजी, एक पान उलटलंस तू," ती म्हणाली.

मी पान दाखवलं. नव्हतं उलटलं.

"मग मधे काय झालं?"

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. फ्रान्स म्हणाला आमचा माणूस परत द्या, इंग्लंड म्हणालं नाही देत, मग दोघांनी पंच नेमले.

पंच म्हटल्यावर ती ताठ बसली. हा तिचा प्रांत. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी सामना असतो आणि ती ओपनिंगला जाते. तिथे पंच बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो, कारण त्यांचीच पोरं रिकामी बसलेली असतात.

"पंच कुणाचे होते?"

"एक फ्रान्सचा, एक इंग्लंडचा, तीन बाहेरचे."

"आणि सावरकरांचा?"

"त्यांचा कुणी नाही."

"का? आउट तर तेच होते ना?"

मी म्हटलं, ते खेळत नव्हते, त्यांच्यावरून खेळ चालला होता. हे तिला मुळीच पटलं नाही. तिनं तो मुद्दा बाजूला ठेवला आणि विचारलं फ्रान्सला नक्की काय हवं होतं. मी म्हटलं, त्यांना परत मार्सेलिसच्या धक्क्यावर आणून सोडा, जिथून उचललं तिथे.

"म्हणजे रिबॉल."

"हो," मी म्हटलं, "रिबॉलच मागितला होता."

"मग?"

"मग पंच म्हणाले, पकडण्यात चूक झाली हे खरं आहे. पण परत द्यायचं कारण नाही."

ती गप्प झाली. भुवया जवळ आल्या. सोफ्याच्या हातावर बोटानं रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे नो-बॉल होता. पंचांनी स्वतःच सांगितलं नो-बॉल. आणि तरी आउट दिलं?"

"हो."

"नो-बॉलला आउट कसं देतात?"

खालून कुणीतरी तिच्या नावानं हाका मारायला लागलं. मी काही म्हणेपर्यंत तिनं बॅट उचलली होती. जिन्यात तिची चप्पल वाजली, मग दरवाजा आपटल्याचा आवाज, मग खाली पाच-सहा पोरं एकदम बोलायला लागली.

मी टेबलाचा खण उघडून पेन्सिल शोधायला लागले.